मदत हवी आहे: अलास्का क्रूझवर रात्रीच्या जेवणाला सासूसासऱ्यांनी काय घालायचं?

केतकी_क

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

जुलैत सासूसासरे सांगलीहून आमच्याकडे येतायत. त्यांना घेऊन सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली आहे, प्रिन्सेसची. क्रूझचा अनुभव घरात कुणालाच नाही. कंपनीची माहितीची मेल वाचत होते. हिमनद्या, देवमासे वगैरे सगळं छान चाललं होतं आणि मधेच ओळ आली की सातपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’, बाकी ‘स्मार्ट कॅज्युअल’. फॉर्मल म्हणजे पुरुषांना टक्सीडो, गडद सूट किंवा डिनर जॅकेट. बायकांना इव्हनिंग गाऊन, ड्रेस नाहीतर झोकदार पँटसूट.

बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. बाहेर पँट-शर्ट, घरी लेंगा, विषय संपला. टायचं नाव काढलं तर “गळ्याला फास लावून मला घास उतरणार नाही” म्हणाले. आईंचं अगदी उलट. ग्रुपवर सहा साड्यांचे फोटो येऊन पडलेत, त्यात दोन पैठण्या, आणि खाली प्रश्न, “नथ चालेल का गं?” नवरा म्हणतो, टक्सीडो भाड्याने मिळतात, एवढं काय त्यात. त्याला काय जातंय, बाबांना पटवायचं मला आहे.

तर विचारायचं असं: साडी चालते ना? बाबांना सूटशिवाय आत घेतील का, की दारातून परत पाठवतील? (ही माझी खरी भीती. एकदा तसं झालं तर उरलेले दिवस ते केबिनमध्ये चिवडा खाऊन काढतील.) त्या डायनिंग रूममध्ये दोन्ही रात्री जावंच लागतं का? आणि साडीला इस्त्री कुठे करायची? दोघांच्या बॅगा मेतकूट आणि चटण्यांनी भरून येणार हे गृहीत धरा, कपड्यांना फार जागा नाही.


फिरस्ता

अजिबात सक्ती नाही. तो नियम मुख्य डायनिंग रूमला आणि वेगळे पैसे भरून जायच्या रेस्टॉरंटना. वर लिडो डेकवर बुफे असतो, तिथे जीन्स-टीशर्टवाल्याला कुणी विचारत नाही. आम्ही फॉर्मल नाइटला मुद्दाम बुफेत जातो. गर्दी खाली असते, वर खिडकीशी टेबल मिळतं. जुलैत अलास्कात रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, जेवता जेवता किनारा बघत बसायचं. बाबांना वर घेऊन जा, प्रश्न मिटला.

आणखी एक. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. नॉर्वेजियनने २००० सालीच ‘फ्रीस्टाइल’ म्हणून हा प्रकार ढिला केला. सेलिब्रिटीने २०१५ च्या शेवटी फॉर्मल नाइट काढून ‘इव्हनिंग शिक’ आणलं. वायकिंगवर फॉर्मल नाइट नसतेच. प्रिन्सेस जुन्या वळणाची, त्यांनी ठेवली आहे. पुढच्या वेळी बुक करताना हे बघा.


अनघा_टोरांटो

फिरस्ता यांचा सल्ला त्यांच्यापुरता ठीक, पण केतकी, तू आईंना बुफेत बसवू नकोस. सहा साड्यांचे फोटो पाठवणाऱ्या बाईला नटायचंय, तिला नटू दे.

साडी शंभर टक्के चालते. गाऊनवाल्या बायका लिफ्टमध्ये थांबवून विचारतात, हे एकाच कापडाचं आहे का, पिना किती लावल्या. पैठणी मात्र नको असं माझं मत. एक तर वजन. दुसरं म्हणजे जहाज थोडं का होईना हलतं, वेटर सूप ओतत असतो आणि जरीच्या पदरावर लॉब्स्टरचं बटर सांडलं तर आई आठवडाभर तेच बोलतील. नारायणपेठ किंवा महेश्वरी आणा, गडद रंगाची. हलकी असते, घडीऐवजी गुंडाळी करून ठेवली तर इस्त्रीचंही फारसं काम राहत नाही. दोन फॉर्मल रात्रींना दोन साड्या पुरे. बाकी रात्री सिल्कचा कुर्ता आणि पँट, किंवा साधा पंजाबी ड्रेस.

शाल विसरू नका. डायनिंग रूममध्ये एसी असा असतो की बाहेर अलास्का आहे की आत तेच कळत नाही. पायात चपट्या टाचेचं काहीतरी. त्या रात्री मधल्या गोल जिन्यापाशी फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात, उंच टाचा आणि निऱ्या घेऊन पायऱ्यांवर पोज द्यायची गरज नाही. फोटो काढून घ्यायला पैसे पडत नाहीत, प्रत घ्यायची तर पडतात आणि चांगलेच पडतात.

नथ? अर्थात.


वेंगुर्लेकर

ताई, घाबरू नकात. मी काही वर्षं क्रूझवर डायनिंगला होतो, आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. (कंपनी वेगळी, पण सगळीकडे काम तेच.) दारात उभा राहणारा माणूस काय बघतो ते सांगतो.

तो टाय बघत नाही. हाफ पँट, पोहायचे कपडे, रबरी स्लिपर, बिनबाह्यांचा बनियन छाप टीशर्ट, डोक्यावर उलटी टोपी, हे बघतो. काळी पँट, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर काहीतरी चढवलेला साठीपुढचा गृहस्थ बायकोला घेऊन आला की “गुड इव्हनिंग सर” म्हणून टेबलापर्यंत सोडायचं, एवढंच. वयस्कर माणसाला टाय नाही म्हणून परत पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही. परत जातात ते बहुतेक पंचविशीतले, पूलवरून थेट आलेले.

बाबांना जोधपुरी घालायला सांगा. बंद गळा असल्यामुळे टायचा प्रश्नच येत नाही. तोही नसेल तर पांढरा शर्ट आणि गडद नेहरू जॅकेट. आमच्या टेबलांवर जोधपुरीवाले पाहुणे आले की आजूबाजूचे सुटातले अमेरिकन त्यांना कुठले तरी मंत्री समजायचे.

आता कपड्यांपेक्षा महत्त्वाचं. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. त्यामुळे पहिल्या जेवणाचे कपडे, औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवा. त्या रात्री फॉर्मल ठेवत नाहीत ते यामुळेच. फॉर्मल बहुधा पूर्ण दिवस समुद्रात असताना येते. सिअ‍ॅटलहून निघालात की दुसरा दिवस समुद्रातच जातो, म्हणजे पहिली फॉर्मल त्याच रात्री धरून चाला.

तुमची मंडळी शाकाहारी असतील तर पहिल्याच संध्याकाळी हेडवेटरला गाठा. उद्याचं भारतीय जेवण आज ठरतं. किचनमध्ये आपली माणसं असतातच, गोव्याची, कोकणातली, मंगळूरची. डाळ, भाजी, भात नीट मिळेल. फॉर्मल रात्री किचन लॉब्स्टरच्या मागे असतं, त्या दिवशी आयत्या वेळी डाळ मागितलीत तर देतील, पण ती कशी असेल ते विचारू नका. आणि जेवणाची वेळ निवडता आली तर साडेपाचच्या आसपासची पहिली पंगत घ्या. दुसरी आठला बसते आणि उठायला दहा वाजतात, वयस्कर लोक पेंगायला लागतात.


स्पष्टवक्ता

पैसे आपण भरायचे आणि कपडे त्यांनी ठरवायचे, हे गोऱ्यांचे चोचले आपण कशाला पुरवायचे? लेंगा घालून जायचं आणि अडवलं तर जाब विचारायचा.


अनघा_टोरांटो

बर्म्युडा घालून आपण तरी मुंजीच्या पंगतीला बसतो का? शिवाय बाबांना जाब विचारायचा नाहीये, जेवायचंय.


जुना_खलाशी

आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, मालवाहू जहाजांवर. त्यामुळे टक्सीडो आमच्या वाट्याला आला नाही, पण हा प्रकार आला कुठून ते थोडं लिहितो.

पूर्वी बोटीने विलायतेला जायचे तेव्हा ट्रंकांना दोन तऱ्हेची लेबलं असत, ‘प्रवासात हवी’ आणि ‘प्रवासात नको’. नकोवाल्या ट्रंका तळाच्या खणात जात. पहिल्या रात्री ट्रंका नीट उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत, म्हणून त्या दोन्ही रात्री साध्या कपड्यांत जेवायची मुभा. मधल्या रात्री पहिल्या वर्गात नटूनथटून. वेंगुर्लेकर म्हणतात ते बॅगांचं कारण म्हणजे त्याचाच शिल्लक राहिलेला धागा. शेवटच्या रात्री आजही बॅगा केबिनबाहेर ठेवायला लावतात. केतकी, सकाळी उतरताना घालायचे कपडे आत ठेवलेत ना ते तेवढं बघा. सगळं बाहेर ठेवून नाइट ड्रेसवर उतरलेले लोक दरवर्षी असतात.

आणि इंग्रज कपड्यांच्या बाबतीत ताठ असतात म्हणतात, तेही अर्धंच खरं. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात त्यांनीच कोट काढून ठेवला. पांढरा शर्ट, काळी पँट, कमरेला कमरबंद. त्याला ‘रेड सी रिग’ म्हणतात, नौदलाच्या आणि वकिलातींच्या मेजवान्यांत अजून चालतो. म्हणजे सोय बघून नियम वाकतो.

खरा कडक मामला बघायचा तर क्युनार्ड या जुन्या इंग्रजी बोट कंपनीच्या जहाजांवर. ‘क्वीन मेरी २’ (२००४ पासून चालू आहे) साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाते, तिथे संध्याकाळी सहानंतर जहाजाचा बराचसा भाग नीटनेटक्या कपड्यांत आणि गाला नाइटला (त्यांची फॉर्मल रात्र) काळा टाय नाहीतर गडद सूट. पण त्यांच्याच नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल असं स्पष्ट लिहिलंय. स्कॉटिश लोक किल्ट घालून येतात. क्युनार्डवर जे चालतं ते अलास्काला जाणाऱ्या प्रिन्सेसवर न चालायला काय झालं?


व्हिसावाला

अवांतर आहे पण कपड्यांआधी हे बघा. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारी अलास्का क्रूझ वाटेत कॅनडात थांबते, बहुधा व्हिक्टोरियाला, शेवटच्या संध्याकाळी. हौस म्हणून नाही. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसती अमेरिकेतली बंदरं करून प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशी बंदर लागतं.

आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय असतील तर कॅनडाचा व्हिसा लागेल. अमेरिकेचा आहे म्हणून तो माफ होत नाही. “आम्ही उतरणारच नाही, जहाजावर बसून राहू” हेही धक्क्यावर ऐकून घेत नाहीत. अर्ज सांगलीहून निघण्याआधीच करा. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही तपासा, कारण कॅनडातून परत अमेरिकेत शिरायचंय. नाहीतर जोधपुरी शिवून तयार आणि माणूस धक्क्यावर.


केतकी_क

बाप रे, व्हिसावाला, तुमचे पाय कुठे आहेत. मेल पुन्हा उघडली, सातव्या दिवशी व्हिक्टोरिया लिहिलंय, संध्याकाळी. नवऱ्याला कळवलं, तो आता टक्सीडो सोडून फॉर्म भरतोय.

बाकीच्यांचेही खूप आभार. बाबांशी बोलले. पुतण्याच्या लग्नात शिवलेला जोधपुरी कपाटात आहे म्हणे, नेव्ही ब्लू. पोटावर बसतोय का ते बघायला आज शिंप्याकडे जाणार आहेत. “मंत्री समजतात” हे वाक्य वाचून दाखवलं, तेव्हापासून विरोध मावळलाय. आईंना पैठणीचं सांगितलं तर गप्प झाल्या आणि दहा मिनिटांनी सातव्या साडीचा फोटो आला, काळी चंद्रकळा. तीच नक्की केली.

आता दोनच शंका. प्रवासी इस्त्री आणायला सांगू का? आणि बाबांना जोधपुरीखाली कोल्हापुरी घालायची आहे. बुटात पाय सुजतात त्यांचे.


अनघा_टोरांटो

इस्त्री नका आणू, स्टीमरही नको. आगीच्या भीतीने केबिनमध्ये बंदी असते, बॅग तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. प्रिन्सेसच्या जहाजांवर आपलं आपण कपडे धुवायची लाँड्री असते, तिथे इस्त्री आणि टेबल असतं. फॉर्मलच्या संध्याकाळी तिथे रांग लागते, म्हणून सकाळीच उरकायचं. चंद्रकळा काय, सुंदरच दिसेल. सेफ्टी पिना मोठ्या बॅगेत टाक, जहाजावर दुकानात मिळतीलच असं नाही.


वेंगुर्लेकर

कोल्हापुरी नवी आणि पॉलिश केलेली असेल तर फॉर्मलला मोजडीसारखी खपून जाते, दारातला माणूस रबर आहे का चामडं तेवढंच बघतो. पण मी असतो तर नेली नसती. डायनिंग रूममध्ये गालिचा असतो तिथे ठीक, बाहेर डेक ओला असतो, केचिकनला (अलास्कातलं बंदर) तर पाऊस ठरलेलाच, आणि चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या फळ्यांवर घसरतो. पाय सुजत असतील तर काळे, मऊ, लेस नसलेले बूट एक नंबर मोठे घ्या. तेच खाली उतरून फिरायलाही चालतील. कोल्हापुरी केबिनमध्ये घालू देत.