'टकर' या इंग्रजी आडनावाला मराठी शब्द हवाय (शिवाय वंशावळीत अडलोय)

मंडळी, नमस्कार.

आमचे जावई इंग्लंडातल्या डेव्हनचे, आडनाव टकर. नातीच्या बारशाला सौ.ने ठरवलं की दोन्ही घराण्यांची वंशावळ एकाच कागदावर मांडायची. आमची बाजू त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत अर्ध्या तासात सापडली. तिकडची मात्र माझ्या गळ्यात पडली.

व्याह्यांनी ऑनलाइन विकत घेतलेलं 'टकर घराण्याचं' ढालीचं चित्र पाठवलं. इंग्लंडात अशी चिन्हं व्यक्तीला मिळतात आणि तिच्या वंशजांकडे जातात, नुसत्या आडनावाला नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आडनावाचा अर्थ मात्र झकास निघाला. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते कुंडात घालून तासन्‌तास पायांनी तुडवायचं, म्हणजे आटून घट्ट होतं. तेलकटपणा काढायला शिळं मूत्र आणि एक माती वापरत. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीची सख्खी बहीण, इंग्रजीत दोघींना 'फुलर्स अर्थ' हे एकच नाव! हे काम करणारा नैर्ऋत्येला टकर, आग्नेयेला फुलर आणि उत्तरेला वॉकर. म्हणजे वॉकर हा फिरायला जाणारा नव्हे, कापडावर चालणारा. पुढे पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले, पाय सुटले, आडनाव राहिलं. एक्सेटरमध्ये विणकर आणि टकरांच्या संघाने 1471 मध्ये बांधलेला टकर्स हॉल अजून उभा आहे.

आता अडचण. या माणसाला मराठीत काय म्हणावं? परीट नाही, रंगारी नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, पण ते वेगळं काम. सौ.ने 'तुडव्या' सुचवलं, ते शिवीसारखं वाटतं. घोंगडी किंवा बुरणूस करताना लोकर तुडवण्याला सणगर, धनगर किंवा लडाफ मंडळींत काही खास शब्द आहे का? कुणाच्या आजोबांना विचारता आलं तर फार बरं.

दुसरी अडचण. 1837 पासूनच्या सरकारी नोंदी सरळ लागल्या. त्याआधी चर्चची दप्तरं, ती 1538 पासून सुरू होतात. 1841 च्या जनगणनेत जावयांच्या एका पूर्वजाचं वय 45 लिहिलंय, पण तेव्हा मोठ्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणजे खरं 45 ते 49 काहीही. त्याच गावात त्याच नावाच्या दोन बाळांचे बाप्तिस्मे, 1792 आणि 1795 चे. दोन्ही बसतात! नेमकं वय लिहिणारी 1851 ची जनगणना होण्याआधीच तो वारला, आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं वय दोघांनाही जुळत नाही. मृत्युपत्रं पाहावीत तर एक्सेटरमधली 1942 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

अशा वेळी दोघांतला आपला कोणता हे कशावरून ठरवतात? चर्चच्या गरीब-मदतीच्या वह्या, जमिनीचे करपट, आणखी काही? कुणी डेव्हनची दप्तरं चाळली असतील तर जरूर लिहा. नातीचा पहिला वाढदिवस तीन महिन्यांवर आलाय.