सभागृह अखंड ठेवूनही घरे शक्य आहेत

जुन्या नगरभवनात (टाउन हॉलमध्ये) घरे करू नयेत, कारण त्यासाठी सभागृहात मधला मजला टाकला की उंच खिडक्या मधोमध कापल्या जातात, असा आक्षेप घेतला जातो. खिडक्यांबाबतचा हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्यावरून अशा वास्तूत घरे नकोतच, असा निष्कर्ष निघत नाही. लंडनमधील हॉर्न्सी टाउन हॉलचा उल्लेख येथे व्हायला हवा. वास्तुविशारद रेजिनाल्ड युरेन यांनी डच वास्तुविशारद डुडॉक यांच्या नेदरलँड्समधील हिल्व्हरसम येथील नगरभवनाच्या प्रभावातून रचलेली, विटांची आणि उंच मनोऱ्याची ही देखणी इमारत १९३५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पुनर्विकासात सदनिकांसाठी मागील बाजूस नव्या इमारती उभारल्या गेल्या, त्यामुळे सभागृहाचे तुकडे करावे लागले नाहीत. मूळ वास्तूतच घरे करायची असतील, तर ती कार्यालयांच्या भागात करावीत. तेथील खोल्यांना बहुधा स्वतःची खिडकी आधीपासूनच असते.