ऐकायचं मशीन घेण्याआधी कान साफ करून बघा

ऐकायचं मशीन घ्यायला दुकानातली मोफत तपासणी पुरेशी आहे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तपासणारा आणि मशीन विकणारा एकच असला तर खात्री कशी धरायची? इथं कोल्हापुरातच एका दुकानात आईला दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणून सांगितलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी कानात बघितलं, तर उजव्या कानात मळाचा काळा खडाच. तो निघाला आणि आई दचकून पंख्याकडं बघायला लागली, इतकी त्याची घरघर ऐकू आली!

ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, त्यानंतर, बंद खोलीत. हेडफोननं आणि कानामागच्या हाडावरून, दोन्ही व्हायला हवी. त्यातल्या फरकावरून दोष कुठला ते कळतं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घशाचा विभाग आहे, आधी तिथं केसपेपर काढा. आणि आलेखाचा कागद मागून घ्याच: लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा.