कादंबरीला होकार आला, पण ३०० प्रती मीच घ्यायच्या. एजंट धरावा का?

सुदामानगरकर:
नमस्कार मंडळी. मी इंदूरची. मराठी कादंबरी पूर्ण झाली आहे, साधारण ४१,००० शब्द. पुण्याच्या एका प्रकाशकाचा होकार आला, पण अट अशी की ३०० प्रती मी २५ टक्के सवलतीनं घ्यायच्या. किंमत २५० ठेवणार आहेत. रॉयल्टी १० टक्के. करारात हक्कांबद्दल एकच ओळ: 'सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' ही रीतच आहे का? इंग्रजीत लिहिणाऱ्यांसारखा एजंट (लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणारा) धरला तर काही फरक पडेल? आणि टाइपिंग इथल्याच डीटीपीवाल्याकडून करून घेतलं तर चालतं का?

पानउलट:
ताई, मी एका लिटररी एजन्सीत कामाला आहे (इंग्रजी पुस्तकांची), म्हणून एजंटचं आधी सांगतो.

मराठीत एजंट जवळजवळ नाहीतच, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. २५० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रती खपल्या तर छापील किमतीवर १० टक्क्यांनी तुम्हाला २५,००० मिळतील. एजंटचं कमिशन साधारण १५ टक्के, म्हणजे ३,७५०. वर्षभर वाचन, दुरुस्त्या, पाठपुरावा करून एवढे हाती येणार असतील तर कोण बसेल? शिवाय मराठीत पहिली आवृत्ती बहुधा ५०० ते १,००० प्रतींचीच निघते. 'मराठीसाठी एजंट आहे, वाचनाची फी अमुक' असं कोणी म्हणालं तर दूर राहा. खरा एजंट लेखकाला पैसे मिळाल्यावर त्यातून आपला वाटा घेतो, आधी दमडी मागत नाही.

आता ३०० प्रती. २५० वर २५ टक्के सवलत, म्हणजे प्रत १८७.५० ला, एकूण ५६,२५० रुपये. या आकड्याशेजारी छापखान्याचा आकडा ठेवून बघा. डेमी आकार (नेहमीच्या कादंबरीचा), १६० पानं म्हणजे १६ पानी १० फॉर्मे (एका तावावर एकत्र छापलेली पानं म्हणजे एक फॉर्मा), आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, चार रंगी कव्हर, लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग, ५०० प्रती. इतकं सांगितलं की इंदुरातला कोणताही छापखाना कोटेशन देतो. ते ५६ हजारांच्या आसपास किंवा खाली आलं, तर छपाईचा खर्च तुम्हीच उचलताय आणि प्रकाशक फक्त नाव लावतोय. हे बेकायदा नाही, पण मग त्याला होकार म्हणू नये, छपाईचं काम म्हणावं. आणि छपाईचंच काम असेल तर हक्क त्याला कशाला द्यायचे?

'आयएसबीएनचा (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा) खर्च' वेगळा मागत असतील तर तेही ताडून बघा. भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो क्रमांक मोफत देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालासुद्धा.

कलमबहाद्दर:
करारातली ती एक ओळ मला ५६ हजारांपेक्षा महाग वाटते.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क देणं लेखी आणि सहीनिशी हवं. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. म्हणजे गप्प असलेला करार तुमच्या बाजूचाच. पण 'कायमस्वरूपी' हा शब्द कुठे दडलेला नाही ना, ते बघा. तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, तेव्हा हा शब्द नातवंडांपर्यंत पोचतो.

मी असं मागेन: फक्त मराठी छापील पुस्तकाचा हक्क, ५ वर्षांसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका तुमच्याकडे. पुस्तक बाजारात संपलं आणि लेखी मागणीनंतर ६ महिन्यांत पुन्हा छापलं नाही, तर हक्क परत.

आणि '१० टक्के' कशावर? छापील किमतीवर असेल तर प्रतीमागे २५ रुपये. 'निव्वळ विक्रीवर' लिहिलं असेल आणि विक्रेत्याला ४५ टक्के सूट दिली, तर १३७.५० वर, म्हणजे १३.७५. रॉयल्टी जवळजवळ निम्मी झाली, कागदावर मात्र १० टक्केच. तुम्ही घेतलेल्या ३०० प्रतींवर रॉयल्टी आहे का, तेही विचारा. बहुतेकदा नसते.

सुदामानगरकर:
'निव्वळ प्राप्तीवर' लिहिलंय, म्हणजे तेच! दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवायचं तर काय काय पाठवू?

पानउलट:
एक पानी सारांश, शेवटासकट. 'शेवट वाचकांनीच अनुभवावा' लिहिलंत की संपादक वैतागतो. कथानक कुठे जाऊन पोचतं हेच त्याला बघायचं असतं. सोबत पहिली तीन प्रकरणं आणि चार ओळींचं पत्र: विषय, शब्दसंख्या, आधी कुठे छापून आलंय ते. 'समाजाला दिशा देणारी' वगैरे नको. एकाच मेलमध्ये बारा प्रकाशकांचे पत्ते टाकू नका; ते सगळ्यांना दिसतात आणि मग कोणीच उघडत नाही. आठ-दहा आठवड्यांनी एकदा आठवण करा, फोन नको.

खिळेजुळारी:
डीटीपीचं राहिलं. आपल्या इथले बहुतेक ऑपरेटर हिंदीचे. हात चांगला असतो, पण फॉन्ट हिंदी वळणाचा घेतला की मराठी ल आणि श बदलतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ॲ मोडतो, ळ च्या जागी ल पडतो. पुण्याकडे बरंच काम अजून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालतं आणि युनिकोडमधून (मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या मराठी टाइपातून) तिकडे नेताना जोडाक्षरं पुन्हा फुटतात. म्हणून तुम्ही युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, वर्ड फाइल द्या, सोबत पीडीएफ द्या म्हणजे मूळ अक्षर काय होतं ते दिसेल. रूपांतरानंतरचं प्रूफ आधी फक्त ऱ्य, ॲ, ळ शोधत वाचा, मजकूर नंतर.

निवेदनात 'केलं' की 'केले' हेही आधी ठरवा. दोन्ही मिसळलेलं असतं तेव्हा मुद्रितशोधक सगळंच आपल्या मर्जीनं बदलतो.

आणि आपली इंदुरी मराठी. पात्र 'सेव' म्हणालं की तिकडे 'शेव' होणार, 'पोहे-जलेबी'ची 'पोहे-जिलबी' होणार. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर 'हे शब्द बदलू नयेत' अशी यादी चिकटवा, आणि प्रूफ परत आलं की सगळ्यात आधी सेव शोधा.