मदत हवी आहे : मूकपटकाळातील अमेरिकन वेस्टर्नपटांमध्ये पुढे काय पाहावे?

गेल्या काही महिन्यांत मी १९२९ पूर्वीचे अमेरिकन वेस्टर्नपट (अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील जीवनाचे चित्रपट) क्रमाने पाहत आहे. विल्यम एस. हार्ट यांचा 'हेल्स हिंजेस' (१९१६), जेम्स क्रूझ यांचा 'द कव्हर्ड वॅगन' (१९२३) आणि जॉन फोर्ड यांचे 'द आयर्न हॉर्स' (१९२४) व 'थ्री बॅड मेन' (१९२६) पाहून झाले आहेत. परंतु या सर्वांहून मनात घर करून राहिला तो व्हिक्टर शोस्त्रोम यांचा 'द विंड' (१९२८). मोहावी वाळवंटात विमानाचे पंखे लावून उठवलेल्या धुळीत अभिनेत्री लिलियन गिश यांचा चेहरा ज्या रीतीने भीती व्यक्त करतो, त्यापुढे घोडदौड आणि गोळीबार मला दुय्यम वाटू लागले आहेत.

म्हणून निसर्ग आणि एकटेपणा हाच ज्यांचा गाभा आहे, शक्यतो स्त्री व्यक्तिरेखा मध्यवर्ती आहे, असे त्याच काळातील पूर्ण लांबीचे चित्रपट हवे आहेत. मूकपटांत संवादांऐवजी पडद्यावर येणाऱ्या इंग्रजी पाट्या वाचण्यास अडचण नाही. मात्र विनोदी चित्रपट, मालिकापट आणि केवळ तुकड्यांत उरलेल्या कृती कृपया सुचवू नयेत.

दुसरी अडचण हार्ट यांच्या 'टंबलवीड्स'ची (१९२५) आहे. १९३९ मध्ये तो हार्ट यांच्या बोलक्या प्रास्ताविकासह पुन्हा प्रदर्शित झाला आणि मला तीच आवृत्ती मिळाली आहे. प्रास्ताविक आधी पाहावे, की मूळ मूकपट संपल्यावर? आणि 'द विंड'च्या जवळ जाणारा, तुम्ही स्वतः पाहिलेला चित्रपट कोणता?