बाबांची 1970 ची बॉनव्हिल: होती तशी करू, बदलू, की नुसती चालवू?

चादरीखालची
नमस्कार मंडळी. बाबा जाऊन दीड वर्ष झालं आणि त्यांची ट्रायम्फ बॉनव्हिल टी120 (1970 मॉडेल, 650 सीसी) आता माझ्याकडे आलीये. 14 वर्षं चादरीखाली उभी आहे, त्याआधी बाबा दर रविवारी काढायचे. आता घरात तीन पार्ट्या पडल्यात. धाकटा म्हणतो कॅफे रेसर करू, खालचं हँडल, एकच सीट, मागची फ्रेम कापायची. रिस्टोरेशन करणारे एक ओळखीचे आहेत, ते म्हणतात पूर्ण सुटी करून कारखान्यातून निघाली तशी देतो. आणि मला खरं सांगायचं तर फक्त चालवायचीये.

गोची अशी की गाडी मुळात ओरिजिनल नाहीच, बाबांनी उंच हँडल लावलं होतं, सीट कुठल्या दुसऱ्याच गाडीची आहे, आणि टाकीला डावीकडे एक पोचा आहे तो माझा, सात वर्षांचा असताना सायकल तिच्यावर आपटली होती. बाबांनी तो कधी काढून घेतला नाही. आता कारखान्यातली गाडी परत आणायची म्हणजे बाबांची गाडी घालवायची असं वाटतंय. डोकं चालेना.

किक_मारतो
आत्ता काहीच ठरवू नका हो. आधी गाडी जिवंत आहे का ते तर बघा. दोन्ही प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू पुढेमागे करा. लगेच किक मारायला जाऊ नका, रिंगा चिकटल्या असतील तर तुटतील. क्लच प्लेटा चिकटलेल्या असणारच, इंजिन मोकळं झालं की क्लच दाबून धरून किक मारत राहायचं, सुटतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेका, कार्ब दोन्ही उघडून साफ करा. टायर दिसायला कितीही चांगले असले तरी बदला. बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, आणि तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा, मग विषयच संपला. बॅटरी लावताना एक लक्षात ठेवा, या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक फ्रेमला जोडलेलं असतं, सवयीने उलटी लावलीत तर वायरिंगमधनं धूर.

एवढं झालं की हळूहळू चालवा. दोन-तीन महिने चालवल्यावर काय करायचं ते गाडीच सांगेल.

सुट्टे_पार्ट
वरच्या दादांचं बाकी सगळं पटलं, पण "हळूहळू चालवा" याला माझा विरोध. या इंजिनाला आपल्या सवयीचा कागदी ऑइल फिल्टर नसतो, नुसत्या जाळ्या. बारीक घाण क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) आत एक पोकळ नळी असते तिच्यात साठते, स्लज ट्रॅप म्हणतात, क्रँक फिरतो तशी घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन तिथे थापली जाते. ती भरली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला) ऑइल पोचत नाही आणि मग एक दिवस खटखट आवाज. ती साफ करायला इंजिनाच्या केसेस (बाहेरचं कवच) उघडाव्याच लागतात, शॉर्टकट नाही. आधी कोणी उघडलं होतं याची नोंद घरात सापडली तर गोष्ट वेगळी. नसेल तर मी तरी रस्त्यावर नेणार नाही.

आणि चालू करायच्या आधी इंजिनाच्या तळाचं बूच काढा. उभ्या गाडीत ऑइल टाकीतलं ऑइल झिरपत खाली उतरतं, ते तसंच ठेवून स्टार्ट केलीत तर धूर आणि सगळीकडे गळती. (गळती तशीही होणारच, ब्रिटिश गाडी आहे.)

किक_मारतो
@सुट्टे_पार्ट बरोबर आहे, ट्रॅप विसरलो. माझे शब्द मागे घेतो.

कापून_पस्तावलो
नावावरून कळलंच असेल. मी माझ्या काकांच्या गाडीची मागची फ्रेम कापली, एक सीझन मिरवली, पाठ गेली, आता कापलेला तुकडा भिंतीला टांगलाय. भावाला सांगा, 1970 पर्यंतच्या बॉनव्हिलला मागची फ्रेम बोल्टने जोडलेली असते. हौस असेल तर दुसरी जुनी मागची फ्रेम शोधून तिला कापा, बाबांची काढून तेल लावून ठेवा. बदल वाईट नसतात हो. पॉइंट (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, त्याच झाकणाखाली बसतं, बाहेरून कुणाला कळत नाही आणि पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते. परत काढता येईल ते सगळं खुशाल करा.

पोच्याला हात लावू नका.

नंबरवाला
फ्रेम आणि इंजिनावरचे नंबर जुळतात का? सुरुवातीची दोन अक्षरं काय आहेत? जुळत नसतील तर कारखान्यासारखी करण्यात फार अर्थ नाही.

चादरीखालची
सगळ्यांना मनापासून थँक्स. नंबर दोन्हीकडे एकच आहे, जे-डी ने सुरू होतो.

नंबरवाला
पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं सीझनचं, म्हणजे ऑगस्ट 1969 ला बनलेली, 1970 च्या सीझनची. छान.

चादरीखालची
अपडेट. तळाचं बूच काढलं, कपभर येईल वाटलं होतं, अख्खी तसराळी भरली काळ्या ऑइलने. टॉप गिअरमध्ये चाक हलवलं तर पिस्टन हलतायत! क्लच अजून चिकटलेलाच आहे.

दुसरं म्हणजे काल माळा आवरताना मूळ सीट आणि मूळ हँडल सापडलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, बोल्ट तारेने त्यालाच बांधलेले. म्हणजे बाबांनीही परत बसवता येईल असंच काढलं होतं. भाऊ ते बघून जरा गप्प झालाय, निदान करवतीचा विषय काढत नाहीये. सीट आणि हँडल सध्या बाबांचंच राहू देतोय. केसेस उघडायच्या हे नक्की, पण ट्रॅपचा प्लग फार घट्ट असतो असं ऐकलंय, तो गरम करून निघतो का ड्रिलच मारावं लागतं?