करवंदाचं सिरप बाटलीत थिजतं, उपाय सांगाल का?

मंडळी, मदत हवी आहे. मुलुंड स्टेशनबाहेर करवंदं आली आहेत. पाड्यांवरच्या मावश्या पाटी घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात मोजून देतात. नॅशनल पार्कात फळं तोडायला बंदी आहे, त्यामुळे मी यांच्याकडूनच घेते. काळं, भरलेलं करवंद कुठल्या जाळीवर मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

यंदा गणपतीत घरी येणाऱ्या प्रत्येकाला करवंदाचं सरबत द्यायचंय. म्हणजे आत्ता केलेलं सिरप भाद्रपदापर्यंत टिकायला हवं. कृती अशी: देठ काढून फळं धुते, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्यात सालं फुटेपर्यंत शिजवते, पळीने चेचून मलमलच्या फडक्यातून दाबून गाळते. मग रसाइतकीच साखर घालून एकतारी होईपर्यंत उकळते, शेवटी एक लिंबू पिळते. गरम असताना छान वाहतं. सकाळी बघावं तर बाटली उलटी केली तरी हलत नाही! चव आणि रंग अप्रतिम, मुलं पोळीला लावून खातात, पण मला ते पेल्यात ओतता यायला हवंय.

हे थिजणं कसं थांबवायचं? टिकण्यासाठी काय घालू? केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवण्यासाठीची पावडर) घातलं तर रंग जातो असं ऐकलंय. आणि पातेल्याच्या कडेला चिकाचं जे चिकट कडं बसतं, ते कशाने निघतं?

प्रतिसाद:
ताई, करवंदात पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) भरपूर असतं, कच्च्या गुलाबी फळांत तर जास्तच. पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर एकत्र उकळली की जेली होणारच. त्यात लिंबाने भरच पडते, ते आधी बंद करा. करवंद मुळातच आंबट आहे.

पूर्ण पिकलेली काळी फळंच घ्या. फडकं दाबू नका, रात्रभर टांगून ठेवा. रस कमी निघेल, पण पेक्टिनचा गर मागे राहील. साखर रसात उकळू नका. एक लिटर रसाला एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी या हिशेबाने पाक वेगळा करा, गार करा आणि मग रसात मिसळा. हे स्क्वॉशच्या जातीचं होतं, घट्ट सिरप नाही. साखर कमी असल्यामुळे थिजत नाही, पण त्याच कारणाने नुसत्या साखरेवर टिकतही नाही.

केएमएसबद्दल बरोबर ऐकलंत, त्यातल्या सल्फर डायऑक्साइडने लाल-जांभळा रंग फिका पडतो. अशा फळांना सोडियम बेंझोएट वापरतात. तयार सरबताच्या किलोला अर्धा ग्रॅम पुरे, चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून घाला. हे चिमटीने घालू नका, बारीक वजनकाटा नसेल तर केमिस्टकडून पुड्या बांधून घ्या. बाटल्या उकळून कोरड्या करा आणि फ्रीजमध्येच ठेवा.

चिकाला पाणी लावण्याआधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. हातांनाही तेच.

ताईंचं उत्तर:
खूप खूप आभार! म्हणजे दाबून गाळणं आणि लिंबू, दोन्ही सोडते. एक विचारायचं राहिलं: फडक्यात उरलेल्या गराचं काय करता? टाकवत नाही हो.

प्रतिसाद:
टाकू नका. बिया काढून गूळ, तिखट, मीठ घालून आटवा, आंबटगोड चटणी होते. तिथे पेक्टिन हवंच असतं.